अंगणवाडी ताईंसमोर अनुताई वाघांबद्दल काय बोलू?

रेणुकेचा_डोंगर | १ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे.

१७ मार्चला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या अनुताई वाघांची जयंती. आमच्या वाचनालयाने त्या दिवशी दोन बीटमधल्या (बीट म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्या) अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ताईंना बोलावलंय. बोलणार कोण, तर मी. पत्रिका छापून झाल्यावर मला कळवलं. (आधी विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.) वीस मिनिटं दिली आहेत, त्यातली पाच सत्कारात जातील असं धरलंय.

माझ्या वहीत आत्तापर्यंत एवढं जमलंय: जन्म १९१०, मोरगाव, पुणे जिल्हा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. माहेरच्यांनी शिकवलं, पुण्याला शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं. १९२९ ते १९३३ आमच्या चांदवडला नोकरी, मग पुण्यात हुजूरपागा या मुलींच्या शाळेत. दिवसा शिकवून रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिक. १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भेटल्या आणि अनुताई त्यांच्याबरोबर डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. दहा-बारा वर्षांनी मुक्काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, तो १९९२ साली त्या जाईपर्यंत. पद्मश्रीही मिळाली.

हे असं वाचून दाखवलं तर समोरच्या बायका पदराआड जांभया देतील आणि मी त्यांना दोष देणार नाही. 'त्यागमूर्ती', 'आयुष्य वेचलं', 'ज्ञानाची पणती' वगैरे मला तोंडातून काढायचं नाही. जिला सकाळी मोबाईलवर सरकारी पोषण ट्रॅकर भरायचाय आणि दुपारी वजनं घ्यायचीत, तिला अनुताईंच्या आयुष्यातलं नेमकं काय सांगितलं तर ती म्हणेल की बरं झालं आले?

झब्बू | १ मार्च, रात्री ९:५२

सत्काराला पाच मिनिटं? ताई, कुठल्या ग्रहावर वाचनालय आहे तुमचं? दीपप्रज्वलनाला वारा, माईकला खरखर, प्रमुख पाहुण्यांना उशीर, अध्यक्षांना 'फक्त दोन शब्द'. तुमच्या वाट्याला सात मिनिटं येतील. त्या बेताने लिहा.

गवती_चहा | १ मार्च, रात्री ११:१०

माझ्या आईने सत्तरच्या दशकात कोसबाडला बालसेविकेचं ट्रेनिंग केलं आणि पुढे राजापूर तालुक्यात बालवाडी चालवली. त्यामुळे हा विषय आमच्या घरातलाच.

तिच्याकडे डालड्याचा एक पिवळा डबा होता. त्यात चिंचोके, सागरगोटे, शिंपले, नदीतले गुळगुळीत गोटे आणि बांबूची कापलेली पेरं. हीच बालवाडीची सगळी साधनं. माँटेसरीची लाकडी साधनं तेव्हाही परवडणारी नव्हती. ताराबाईंनी आणि अनुताईंनी त्यातली मूळ कल्पना ठेवली (मुलाने स्वतः हाताळावं, चूक त्याची त्यालाच दिसावी) आणि वस्तू बदलल्या. ओढ्याकाठी आणि झाडाखाली जे मिळेल ते घेतलं.

एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितलेली. आई पळसाची पानं लहान ते मोठी अशी ओळीत लावायला द्यायची. एका मुलाने दुपारी लावलेली ओळ तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पानं वाळली, कडा वळल्या आणि काल मोठं असलेलं पान आज शेजारच्या पानापेक्षा लहान दिसायला लागलं. तो बराच वेळ उकिडवा बसून बघत होता. मग त्याने दोन पानांची अदलाबदल केली आणि बाहेर जाऊन ताजी पानं तोडून आणली. आई एक शब्द बोलली नाही. मी मधे बोलायला गेले तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प.

तुमच्या वीस मिनिटांतली पंधरा असल्या गोष्टींना द्या. जन्म-मृत्यूच्या तारखा पत्रिकेवर छापता येतात.

रानभाजी | २ मार्च, सकाळी ७:०५

गवती, डबा भारी. फक्त एक सूचना, कारण कोणीतरी हे वाचून उद्या डबा भरायला बसेल. जुन्या बालवाड्यांत मोजायला गुंजा असायच्या, लाल-काळ्या, दिसायला गोड. त्या ठेवू नका. गुंज विषारी आहे, बी चावून फोडलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. आणि चिंचोके तीन वर्षांच्या पोराच्या नाकात जातात. त्या वयाला सागरगोटा बरा, नाकात मावत नाही.

झब्बू | २ मार्च, सकाळी ७:३०

माझ्या नाकात वाटाणा गेला होता. तीन वर्षांचा नव्हतो, नववीत होतो.

अटलांटिक_पार | २ मार्च, सकाळी ८:१५

मी न्यू जर्सीत माँटेसरी शाळेत शिकवते. आमच्याकडे सध्या 'निसर्गातल्या वस्तू' म्हणून बिया, शिंपले आणि लाकडाच्या चकत्या सुबक पेटीत घालून विकायला येतात. पेटीची किंमत वाचून मला आजोळची चिंच आठवली.

पण गंमत बाजूला. इथल्या प्रशिक्षणात माँटेसरीबाईंचं नाव पदोपदी येतं. भावनगरचे गिजुभाई बधेका, त्यांच्याबरोबर काम करून पुढे महाराष्ट्रात आलेल्या ताराबाई, आणि ताराबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या अनुताई, यांचं नाव एकदाही आलं नाही. आणि यांनी केलेली गोष्ट लहान नाही. रोममधल्या गरीब वस्तीत निघालेली पद्धत जगभर श्रीमंतांच्या शाळांची झाली होती. ती यांनी परत गरिबांच्या दारात नेली.

खडूस_म्हातारा | २ मार्च, सकाळी १०:४०

सगळे गहिवरलेत, तर थोडं मीठ टाकतो. पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालोय, त्यामुळे गहिवर आटलाय.

पहिलं. सरकारी अंगणवाडी कोसबाडहून उचलली असं सरसकट म्हटलं जातं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, म्हणून ताराबाई-अनुताईंनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, हे बरोबर. पण २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली, तेव्हा केंद्रस्थानी आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी होती. शिक्षण यादीत होतं, पण ताटाच्या मागे. कुपोषण बघता ते चूकही नव्हतं. नाव अंगणवाडीचं घेतलं, पोटातलं सामान बदललं.

दुसरं. कोसबाडला 'विकासवाडी' होती. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. यामागचं कारण फार व्यावहारिक होतं. मोठी बहीण शाळेत का येत नाही? कडेवर धाकटं आहे म्हणून. मग धाकट्याला पाळणाघरात घ्या, मधल्याला बालवाडीत, म्हणजे मोठी वर्गात बसेल. सरकारने काय केलं? अंगणवाडी महिला व बालविकासकडे, पहिली शिक्षण खात्याकडे. एकाच आवारात दोन खोल्या, पण दोन खाती, दोन हजेऱ्या आणि दोन साहेब. अंगणवाडीतल्या मुलाचं नाव पहिलीत घालताना आम्ही सगळी माहिती नव्याने लिहून घ्यायचो. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वयाचा एकच पायाभूत टप्पा केलाय आणि त्यावर कार्यशाळा चालल्या आहेत. कोसबाडच्या टेकडीवर हे १९५७ च्या आसपास चालू होतं.

तिसरं. असल्या संस्था एका माणसावर उभ्या असतात. माणूस गेला की फोटोला हार उरतो.

गवती_चहा | २ मार्च, दुपारी १२:२०

खडूस, पहिली दोन मान्य, तिसऱ्याला हरकत. ताराबाई १९७३ ला गेल्या. त्यानंतर जवळजवळ दोन दशकं अनुताईंनी काम चालवलं आणि वाढवलं. सत्तरी ओलांडल्यावर १९८२ साली रमेश पानसे यांच्याबरोबर 'ग्राममंगल' सुरू केलं. डहाणू तालुक्यातल्या ऐने-दाभोणचं ते काम अनुताईंच्या नंतरही चाललं. शिवाय शेकडो बायका तिथून शिकून गावोगाव गेल्या, त्यात माझी आई एक. त्यांच्या फोटोला हारही नाही.

खडूस_म्हातारा | २ मार्च, दुपारी १२:३१

शेकडो बायका गेल्या आणि दोन बीटच्या बायकांना आज त्यांचं नाव सांगावं लागतंय. माझा मुद्दा तोच आहे.

मुळा_मुठा | २ मार्च, दुपारी १:०५

मला अनुताईंच्या आयुष्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट पदवीची आहे. मॅट्रिक सत्ताविसाव्या वर्षी, बीए १९६१ साली, म्हणजे एक्कावन्नाव्या वर्षी. तेव्हा कोसबाडचं काम जोरात होतं, पदवीवाचून काही अडलेलं नव्हतं. सेविकांमध्ये बारावी होऊन पुढचं राहिलेल्या पुष्कळ असतात. त्यांना ही तारीख जरूर सांगा.

अवांतर: हुजूरपागा म्हणजे तेव्हा पुण्यातली मानाची नोकरी. पगार, पेन्शन, ओळखीचं शहर. ते सोडून पस्तिसाव्या वर्षी बोर्डीला जाणं. आमच्याकडे पस्तिसाव्या वर्षी माणूस कोथरूडहून हडपसरला जायला तयार होत नाही.

झब्बू | २ मार्च, दुपारी १:१२

हडपसरला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बोर्डी येतं.

पाड्यावरचा | २ मार्च, रात्री १०:५०

दोन दिवस धागा वाचतोय. माझं गाव डहाणू तालुक्यात, मी वारली, सध्या नोकरीनिमित्त बोईसरला असतो. माझी आजी लहानपणी अशा अंगणातल्या शाळेत थोडे दिवस गेलेली. म्हणून लिहितो, कोणाला टोचलं तर टोचू द्या.

आजी सांगायची, बाया यायच्या, आधी पोरांचे केस विंचरायच्या, नखं काढायच्या, आंघोळी घालायच्या आणि मग गाणी. तिच्या सांगण्यात माया होती, पण एक अढीही होती. पणजीला आवडलं नव्हतं म्हणे. परक्या बाईने येऊन आपल्या पोराच्या डोक्यातल्या उवा काढायच्या म्हणजे आईला काय वाटेल? तुम्ही सगळे 'मुलांना स्वच्छतेची सवय लावली' असं एका ओळीत लिहिता. पाड्यावर पाणी कुठून आणायचं, किती लांबून, कोणाच्या डोक्यावर, ते त्या ओळीत बसत नाही.

दुसरं असं की १९४५ हे साल आमच्याकडे दोन गोष्टींचं आहे. बोर्डीला बालशिक्षण केंद्र निघालं ते १९४५. आणि त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरीला वारल्यांची सभा झाली, लाल बावट्याच्या किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर आले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. सावकाराच्या आणि जंगल ठेकेदाराच्या वेठीतून बाप सुटल्याशिवाय पोर शाळेत कसं जाणार? लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको लग्नगडी म्हणून राबायची. तुमच्या पंधरा मिनिटांत लाल बावट्याला एक मिनिट द्या. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की आम्ही नुसते टेकडीकडे बघत बसलो होतो.

तरी अनुताईंचं एक काम मला मोठं वाटतं आणि त्याबद्दल इथे अजून कोणी बोललं नाही. कुरणशाळा. आठ-दहा वर्षांचं पोर शाळेत येत नाही, कारण ते दिवसभर गुरं राखतं. गुरं मालकाची असली तरी मार पोराला. त्याला 'शाळेत ये' म्हणून उपयोग नाही. मग गुरं जिथे चरतात तिथे शिक्षक जाणार. गुरं सावलीला बसली की शाळा, गुरं उठली की सुट्टी. म्हणजे वेळापत्रक गुरांनी ठरवलं. आमच्या माणसाच्या दिवसाला एवढा मान त्याआधी कोणी दिला असेल असं मला वाटत नाही.

गवती_चहा | २ मार्च, रात्री ११:३०

पाड्यावरचा, आंघोळीबद्दल वाचून थांबले. आईही राजापूरला पहिल्यांदा फणीच बाहेर काढायची. लोक काय म्हणत असतील हे मी तिला कधी विचारलं नाही.

फक्त एक बाजू मांडते. खरूज, नायटे, डोळे आलेले, अशी मुलं असायची आणि दवाखाना कोसांवर. फणी, खोबरेल आणि खरजेचं मलम हे तेव्हाचं प्राथमिक आरोग्य केंद्रच होतं. आई म्हणायची, ज्याच्या अंगाला खाज सुटलीय तो चिंचोके मोजणार नाही.

पाड्यावरचा | २ मार्च, रात्री ११:४१

ते खरंच आहे, आजीनेही मलम नको म्हटलं नव्हतं. पण कणसरी या धान्यदेवीची गोष्ट, धवलेरीची लग्नगाणी, लग्नात भिंतीवर काढायचा चौक, हे आमच्याकडचं शाळेत किती आलं आणि बाहेरचं किती आलं, हाही हिशोब करा. शाळेत पहिली दोन वर्षं माझ्या तोंडातून शब्द निघत नव्हता. मला येत नव्हतं असं नाही. घरची बोली बोललो की पोरं हसायची. तेव्हा अनुताई जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून हे त्यांच्या खात्यावर टाकत नाही.

मुळा_मुठा | ३ मार्च, सकाळी ८:२०

पाड्यावरचा यांच्या प्रतिसादासाठी वाचनखूण साठवली. त्या भागात एकाच काळात किती जण काम करत होते. बोर्डीत आचार्य भिसे आधीपासून शाळा चालवत होते, वर बाळासाहेब खेरांचं आदिवासी सेवा मंडळ, पलीकडे किसान सभा. यांचे आपसात फारसे सूर जुळत नव्हते. पुस्तकात प्रत्येकाचा वेगळा धडा असतो, तालुका मात्र एकच.

झब्बू | ३ मार्च, सकाळी ८:४४

माझं योगदान: डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून जाते. पुढचं स्टेशन घोलवड. चिकू घेतल्याशिवाय परत येऊ नये. जीआय मानांकन आहे चिकूला, थट्टा नाही.

रानभाजी | ३ मार्च, सकाळी ८:५८

सुकवलेल्या चिकूच्या चकत्या घ्या. ताजे घरी येईपर्यंत पिशवीत श्रीखंड होतात.

बीट_नंबर_तीन | ३ मार्च, दुपारी ३:३५

मी सेविका आहे, २००९ पासून. नाशिक जिल्ह्यातच, तालुका सांगत नाही. इथे नेहमी वाचते, लिहिते कमी.

रेणुकेचा डोंगर ताई, तुम्ही त्याग हा शब्द वापरणार नाही म्हणालात, तिथेच निम्मं काम झालं. आम्हाला प्रत्येक कार्यक्रमात सावित्रीबाई, अनुताई यांची नावं घेऊन सांगतात की त्यांनी पैशाकडे बघितलं नाही. ऐकणाऱ्या बाईचं मानधन दोन महिने थकलेलं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही संपावर गेलो, दीड महिन्याहून जास्त बसलो, तेव्हा हेच ऐकलं की मुलांचं काय, तुम्ही तर सेवा करता. एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रॅच्युइटीचा कायदा आम्हाला लागू आहे, म्हणजे कोर्टाला आम्ही कामगार दिसलो. अनुताईंच्या पाठीशी संस्था होती, राहायला जागा होती, बरोबरीच्या बायका होत्या. त्यांचं नाव घेऊन आमचा पगार कापू नका एवढंच म्हणणं.

मोबाईलचं तर बोलूच नका. पहिले दिलेले मोबाईल इतके रखडायचे की २०२१ मध्ये आम्ही ते ऑफिसात नेऊन परत केले. आता नवीन आहेत. घरी न्यायचा शिधा द्यायचा तर बाईचा चेहरा फोनमध्ये जुळला पाहिजे. डोक्यावर पदर घेतलेली बाळंतीण उंबऱ्यात उभी, मी फोन वर-खाली करतेय, फोन म्हणतो उजेड कमी आहे. तोवर आत पोरांनी डाळ सांडलेली असते.

कुरणशाळेचं मी आज पहिल्यांदा वाचलं आणि मला कांद्याची आठवण झाली. आमच्याकडे मार्च-एप्रिलला उन्हाळ कांदा निघतो. आया पहाटे टेम्पोत बसून काढणीला जातात आणि पोरं बरोबर नेतात, घरी ठेवायची कोणाकडे? पट पंचवीसचा, समोर सहा पोरं. एका वर्षी मी आणि मदतनीस ताईंनी ठरवलं की आपणच जाऊ. शाळेपासून हाकेच्या अंतरावर कांद्याचं वावर होतं, बांधाला मोठं निंबाचं झाड. सतरंजी, पाण्याचा ड्रम, खिचडीचा डबा घेऊन तिथे बसलो. सतरा-अठरा पोरं जमायची. कांद्याची पात मोजली, लहान-मोठा कांदा वेगळा केला. (पोरं आयांपेक्षा चांगली प्रतवारी करतात, खोटं नाही सांगत.) आया मधे येऊन धाकट्याला पाजून जायच्या. चौथ्या दिवशी तपासणीला गाडी आली, खोलीला कुलूप दिसलं आणि मला नोटीस: अंगणवाडी बंद आढळली. समोर सहाच पोरं असती आणि खोली उघडी असती तर शेरा 'समाधानकारक' आला असता.

झब्बू | ३ मार्च, दुपारी ३:५०

यावर मला विनोद सुचत नाहीये.

खडूस_म्हातारा | ३ मार्च, संध्याकाळी ५:१५

बीट तीन, तुमचं पटतं, तरी गाडीतल्या माणसाची बाजू सांगतो. कुलूप दिसल्यावर त्याने काय लिहावं? दहा ठिकाणी कुलूप असतं, त्यातली नऊ जण खरंच घरी झोपलेली असतात. अधिकाऱ्याकडे दिवसाला पंधरा केंद्रं, प्रत्येकाच्या वावरात जाऊन निंबाखाली कोण आहे ते शोधणार का? तुम्ही हालचाल रजिस्टरला नोंद करून, दारावर कागद डकवून, पर्यवेक्षिकेला आधी पत्र देऊन गेला असतात तर नोटीस टिकली नसती. मीही तोच शेरा मारला असता.

कोसबाडला हे जमलं, कारण ती स्वयंसेवी संस्था होती. रजिस्टर त्यांचं आणि शेरा मारणाऱ्याही त्याच. सरकारी यंत्रणेत लाखाच्या वर केंद्रं आहेत या राज्यात. प्रत्येकीला गुरांप्रमाणे वेळ ठरवू दिली तर यंत्रणा चालेल?

पाड्यावरचा | ३ मार्च, संध्याकाळी ६:०२

आत्ता तरी कुठे चालतेय साहेब, पोरं कांद्यात आणि खोली उघडी. आमच्याकडे दिवाळी झाली की अख्खा पाडा वीटभट्टीवर जातो, भिवंडी, वसई. खोली पावसाळ्यापर्यंत उघडीच असते. भट्टीवर कोणी शाळा काढली तर तिथली पोरं शिकतात, नाही काढली तर विटा उलथतात.

बीट_नंबर_तीन | ३ मार्च, रात्री ८:४०

खडूस काका, दारावर कागद लावला होता. शेळीने खाल्ला. खरंच.

खडूस_म्हातारा | ३ मार्च, रात्री ८:४७

नोकरीत असताना हे कारण कोणी लेखी दिलं असतं तर मी ते फ्रेम करून लावलं असतं.

अटलांटिक_पार | ३ मार्च, रात्री ९:३०

शेळीला विकासवाडीत प्रवेश द्या.

जरा गंभीरपणे: माझ्या मते भाषणाचा विषय इथेच तयार झालाय. गवतीची पळसाची पानं, कुरणशाळा आणि बीट तीन यांचा कांदा. तारखा गाळा.

शिस्तप्रिय | ३ मार्च, रात्री १०:१५

तारखा गाळू नयेत. हल्ली सगळीकडे 'गोष्टी सांगा' म्हणतात आणि माणसाला काळ कळत नाही. १९२३ साली विधवा झालेल्या तेरा वर्षांच्या मुलीला शिकवायचं म्हणजे तिच्या घरच्यांनी गावाचं किती ऐकून घेतलं असेल, हे साल सांगितल्याशिवाय पोचणार नाही. आणि नर्सरीतल्या पोराला शंभरपर्यंत आकडे गिरवायला लावणारे पालकही कार्यक्रमाला बोलवा, त्यांनाच जास्त गरज आहे. माझ्या नातवाला लहान गटात गृहपाठाची वही आहे. पेन्सिल धरून बोटाला खळी पडलीय.

रेणुकेचा_डोंगर | ४ मार्च, सकाळी ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. शेळीचेही.

रात्री वही पुन्हा लिहिली. पत्रिकेत नाव माझं आहे, पण मी सात मिनिटंच बोलणार (झब्बू, हे तुमच्यामुळे). तीन मिनिटं चरित्र, त्यात १९२३, चांदवड आणि एक्कावन्नाव्या वर्षीची पदवी. शिस्तप्रिय, साल राहील. एक मिनिट वेठ आणि तलवाडा. उरलेल्या तिनात फक्त कुरणशाळा. मग माईक सेविकांकडे: तुमच्याकडची पोरं कोणत्या महिन्यात कुठे जातात आणि तुम्ही त्या वेळी काय करता? उसाचं, द्राक्षाचं, कांद्याचं, ज्याचं त्याचं. वाचनालयाचे अध्यक्ष गटविकास अधिकाऱ्यांच्या ओळखीचे आहेत, ते अधिकारी पाहुणे म्हणून येणार आहेत, म्हणजे ऐकायला तरी कोणी असेल. गवती, आईच्या डब्याचा फोटो मिळेल का? मोठा छापून लावते.

बीट नंबर तीन, तुम्ही याल का? तालुका विचारत नाही. कार्यक्रम सकाळी ११ ला आहे.

बीट_नंबर_तीन | ४ मार्च, सकाळी ९:२५

ताई, सकाळी ११ ला आमची अंगणवाडी चालू असते. दोन बीटच्या बायका तुमच्या हॉलमध्ये बसल्या तर त्या दिवशी तेवढ्या सगळ्या खोल्यांना कुलूप. तुमच्या कार्यक्रमावरूनच नोटिसा निघतील.

रेणुकेचा_डोंगर | ४ मार्च, सकाळी ९:३१

हे वाचनालयात एकालाही सुचलं नाही. पत्रिका दोनशे छापल्यात.

खडूस_म्हातारा | ४ मार्च, सकाळी ९:५०

पत्रिकेवर रबरी शिक्का मारा: 'वेळेत बदल, दुपारी ४'. त्याआधी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे आजच्या तारखेचं पत्र द्या आणि पोच घ्या. मजकूर: 'विषय – अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना कार्यालयीन वेळेनंतर कार्यक्रमास उपस्थित राहण्याची परवानगी मिळणेबाबत.' प्रत पर्यवेक्षिकांना, दोन्ही बीटच्या वेगळ्या. मसुदा खासगी निरोपात पाठवतो. चारच्या पुढे नेऊ नका, लांबच्या वस्तीवरच्या बायकांना शेवटची एसटी असते.

बीट_नंबर_तीन | ४ मार्च, सकाळी ९:५८

चारला जमेल. साडेपाचची एसटी चुकली नाही पाहिजे.

झब्बू | ४ मार्च, सकाळी १०:०४

मग अध्यक्षांना दोन शब्द शेवटी द्या. एसटी आली की आपोआप आवरतील.

गवती_चहा | ४ मार्च, दुपारी १:४०

डब्याचा फोटो काढला. झाकण गंजलंय, आतले सागरगोटे मात्र तुळतुळीत आहेत. गुंजाही निघाल्या, रानभाजी, बाजूला काढून ठेवल्यात. फोटो कुठे पाठवू?